ताठ फळी, मऊ फळी

त्या वर्षी येलोव्ये गावात एकही लग्न झालं नाही, आणि सगळ्या गावाचा राग निघाला येरित्सावर.

लग्नाची माणसं गावात आणखीही होती, नाही असं नाही. पण त्यातली अर्धी मिसरूडही न फुटलेली आणि उरलेली मारिबोर शहरात नोकरीला जाऊन तिथलीच झालेली. येरित्सा आणि गाश्पर मात्र गावातच, हाकेच्या अंतरावर राहणारे, दोघांच्याही केसांत आता पांढरं डोकावायला लागलेलं. दर शनिवारी संध्याकाळी रोझालियाकाकूच्या खाणावळीबाहेरच्या बाकावर बसायचं, बर्फ कोरडा पडला की ओला यावरून भांडायचं आणि आपापल्या घरी जायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा कार्यक्रम. त्याला वाटायचं, हिला तिच्या स्नोबोर्डच्या कारखान्यापुढे कोणी दिसत नाही, विचारून तोंडघशी कोण पडणार? तिला वाटायचं, याला जीभ दिली आहे देवानं, वापरू दे की. अशी दोन माणसं एका गावात असली की गावाला हसायला दुसरं काही लागत नाही. पण आता गावाचंही हसून झालं होतं.

हिवाळ्याला निरोप द्यायच्या पुस्टच्या सणापर्यंत गावात लग्न लागलं नाही तर बिनलग्नाच्यांनी ओंडका ओढायचा, ही तिथली रीत. अख्खं झाड तोडून, साल तासून, फुलांच्या माळा घालून गावातून फिरवायचं. तोंडाला काजळी फासायची, मागून पत्र्याचे डबे बडवायचे. येलोव्येवाल्यांनी त्यात स्वतःची भर घातलेली. सगळ्यांना जुंपण्याऐवजी वयानं सर्वांत मोठ्या दोघांनी डोंगरावरच्या देवळीपासून आगबंबाच्या शेडपर्यंत स्नोबोर्डवर, गावच्या भाषेत फळीवर, शर्यत लावायची. जो हरेल तो ओंडक्याला. जो जिंकेल तो ओंडक्यावर, हातात चाबूक घेऊन.

"या खेपेला तुम्ही दोघं, येत्या शनिवारी," रोझालियाकाकूनं भर खाणावळीत जाहीर केलं. आगबंबवाल्यांचा म्होरक्या त्सिरिल बाजूला बसून मान डोलावत होता. गावात आग लागो, लग्न लागो की शर्यत लागो, व्यवस्था त्याच्याकडेच असे.

"काकू, मी कामात आहे," येरित्सा म्हणाली.

"गेल्या खेपेलाही होतीस. काम सासरी घेऊन जा म्हणावं तर सासरही नाही."

गाश्पर क्रोफ, म्हणजे सणाचा तळलेला गोड पाव, खात होता. नाकाला पिठीसाखर. तो म्हणाला, "माझी फळी तर दगडावर मोडली. नवी लागेल."

"मग कर ना ग त्याला," काकू म्हणाली. "तुझ्याशिवाय कोण करणार?"

खाणावळीत हशा पिकला. गावातली प्रत्येक फळी येरित्सानंच केलेली. म्हणजे आपल्याला जो हरवणार त्याचं हत्यार आपणच घडवायचं, आणि तेही चांगलं घडवायचं. आणि गाश्पर चांगला उतरायचा. तरुणपणी तो देशाच्या संघातून शर्यतींत उतरला होता, आता शाळेतल्या पोरांना शिकवायचा. येरित्सा ज्या फळ्या करायची त्यांच्यावर जगातले लोक उडायचे, पण स्वतः ती उतरताना प्रत्येक वळणावर ब्रेक लावल्यासारखी घासत यायची. ती उतरून गेली की मागे नांगरल्यासारखा बर्फ दिसायचा.

घरी जाताना तिला राग आला, पण ओंडक्याचा नाही. काजळी फासून घ्यायला तिची ना नव्हती. पण आपण दोरीला जुंपलेलो आणि मागे ओंडक्यावर गाश्पर बसलेला, हे चित्र तिच्या डोळ्यांपुढे आलं. हे व्हायचं नाही, तिनं ठरवलं. काही झालं तरी व्हायचं नाही.

आता फसवायचं म्हटलं तर तिच्या हातात शंभर युक्त्या होत्या. कड थोडी बोथट ठेवावी. आतलं लाकूड एका अंगाला जरा पिळलेलं घालावं, म्हणजे फळी डावीकडे लोण्यासारखी वळेल आणि उजवीकडे वळताना नवऱ्यावर रुसलेल्या बाईसारखी हटून बसेल. कुणाला कळलंही नसतं. पण खोटं काम करायला बसली की येरित्साचे हातच चालत नसत. तिनं करून बघितलं नव्हतं असं नाही. एकदा एका उद्धट गिऱ्हाइकासाठी मुद्दाम वाईट फळी करायला घेतली आणि रात्री उठून दुरुस्त करून ठेवली.

म्हणून तिनं दुसरी युक्ती काढली. फळ्या दोन्ही चोख करायच्या, आणि चेहरा मात्र चोराचा ठेवायचा.

कारण तिला फळीचा स्वभाव माहीत होता. स्नोबोर्ड जमिनीवर ठेवला की मधे जरासा उचललेला असतो, त्यावर माणूस उभा राहिला की ते पोट खाली टेकतं. कमरेला तो बारीक असतो. वळताना तो तिरका करून कडेवर घ्यायचा. मग टोक आणि शेपूट बर्फाला टेकतात, कंबर हवेत राहते आणि माणसाच्या भारानं वाकून खाली येते. ही वाकलेली कड बर्फात जी रेघ कापते, तीच वळणाची वाट. जास्त वाकली तर वळण लहान, कमी वाकली तर मोठं. म्हणून फळी माणसाच्या अंगाप्रमाणे करावी लागते. गाश्पर अंगानं अस्वल, त्याला ताठ फळी. येरित्सा चिमणीएवढी, तिला मऊ.

आता या फळ्यांची अदलाबदल झाली तर? अस्वल मऊ फळीवर चढलं की ती धनुष्यासारखी वाकेल, हवं त्याच्या दुप्पट वळेल, तोंड डोंगराकडे करून उभी राहील. त्याला सारखं घासत, सावरत यावं लागेल. त्याला फसवायची गरजच नव्हती. फसवलं जातंय असं त्याला वाटलं की पुरे, बाकी सगळं तो स्वतःच करणार होता.

दुसऱ्या दिवशी येरित्सानं कारखान्याच्या खिडकीला पडदा लावला. त्या खिडकीला पडदा कुणी जन्मात पाहिला नव्हता. आत ती पॉपलर आणि बीचच्या लाकडी पट्ट्या चिकटवत होती, वर काचेच्या धाग्याचं कापड अंथरून राळ ओतत होती, रबराच्या पातळ पट्ट्या घालून फळीची थरथर मारत होती, आणि हे सगळं अगदी मनापासून. पण दारावर थाप पडली की खडखडाट करून काहीतरी झाकायची आणि धापा टाकत दार उघडायची. संध्याकाळी खाणावळीत गेली तर शिट्टी वाजवत गेली. गाश्परला स्वतःहून क्रोफ दिला. हे बघून दोन म्हाताऱ्यांनी छातीवर क्रूसाची खूण केली.

शेवटचा घाव तिनं रोझालियाकाकूला गाठून घातला.

"काकू, एक विचारू? कुणाला बोलायचं नाही हं."

"माझ्या पोटात गेलं की गेलं," काकू म्हणाली. तिच्या पोटातलं जेवणाच्या वेळेपर्यंत खालच्या गावात पोचायचं.

"शनिवारी डॉक्टर गावातच असतील ना?"

काकूनं हातातली कढई खाली ठेवली. "का ग?"

"काही नाही. सहज." आणि येरित्सा शिट्टी वाजवत निघून गेली.

फळी न्यायला गाश्पर आला तेव्हा त्याच्याबरोबर त्याची आई नेझामावशीही आली होती. एरवी ती कारखान्याकडे फिरकत नसे, राळेच्या वासानं तिचं डोकं चढे. तिनं फळी वास घेऊन बघितली, ठोकून बघितली, येरित्साकडे डोळे बारीक करून बघितलं.

"चांगलीच झाली असेल ना?"

"म्हणजे काय मावशी, मीच केली ना."

"म्हणूनच विचारते."

गाश्परनं फळीच्या कडेवरून अंगठा फिरवला. मग ती गुडघ्यावर आडवी धरून वाकवली, सोडली. टोक आणि कंबर दोन हातांत धरून पिळून पाहिली, एकदा, मग पुन्हा. येरित्साला मनातून गुदगुल्या होत होत्या. शोध बाबा, शोध, काही सापडणार नाही, आणि सापडलं नाही की जास्तच घाबरशील. तिनं चेहरा इतका निष्पाप केला की कोणत्याही पोलिसानं तिला जागेवर धरलं असतं.

"बरी आहे," गाश्पर म्हणाला आणि फळी काखेत मारून गेला. जाताना मागे वळून बघितलं. फसला, येरित्साला वाटलं.

शनिवारी सगळं गाव डोंगराला लागलं. खाली आगबंबाच्या शेडपाशी ओंडका तयार, कागदी फुलं लावलेला, दोरखंड जोडलेला, शेजारी काजळीचं डबडं. वर देवळीपाशी त्सिरिल झेंडा घेऊन उभा. उतारावर लाल आणि निळ्या काठ्यांच्या दोन वाटा, शेजारी शेजारी.

"गाश्पर, पोरा, ऐक माझं," नेझामावशीनं सगळ्यांसमोर गळा काढला. "त्या फळीवर पाय ठेवू नकोस. तिनं डॉक्टरची चौकशी केलीय!"

"बदला फळ्या!" कुणीतरी ओरडलं.

"हो हो, बदला! स्वतःच्या कामावर विश्वास असेल तर स्वतःच चढू दे तिला!"

येरित्सानं चेहरा पाडला. खूप पाडला. "हे काय बोलणं झालं? त्याची फळी त्याच्या मापाची, माझी माझ्या."

"बघा, बघा, कशी घाबरली!"

गाश्पर येरित्साकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं. बदलू या."

त्सिरिलनं खिशातून पेचकस काढला. बूट अडकवायचे खटके या फळीवरचे त्या फळीवर गेले, गर्दीनं टाळ्या वाजवल्या, आणि येरित्साच्या मनात आनंदानं उकळ्या फुटल्या. त्याचबरोबर, का कोण जाणे, तिला बारीकसा काटाही टोचला. इतक्या वर्षांत मी याला एक फळी वाईट करून दिली नाही, आणि यानं ओरडणाऱ्या चार माणसांचं ऐकलं. पण काट्याकडे बघायला वेळ नव्हता, कारण आता ती त्या ताठ फळीवर उभी होती.

आणि तिथं उभं राहिल्यावर तिला तिच्या युक्तीची दुसरी बाजू पहिल्यांदा नीट दिसली.

अस्वल मऊ फळीवर वळत सुटणार हे खरं. पण चिमणी ताठ फळीवर? तिच्या वजनानं ती वाकणारच नव्हती. न वाकलेली फळी वळत नाही, ती सरळ जाते, आणि सरळ खाली स्प्रूसचं रान होतं. ही फळी वाकवायला वजन हवं, आणि अंगात नसलेलं वजन एकाच गोष्टीनं मिळतं. वेगानं. वळणात जितक्या जोरात शिराल तितकं अंग फळीवर जड पडतं, तितकी फळी वाकते. याचा सरळ अर्थ असा की खाली पोचेपर्यंत येरित्सानं एकदाही घासायचं नव्हतं.

"येरित्सा, पांढरी पडलीस," गाश्पर शेजारून म्हणाला.

"बर्फाचं ऊन आहे."

"ढग आहेत."

झेंडा पडला.

पहिल्या काठीपाशी तिचे पाय सवयीनं फळी आडवी करायला गेले. फळीनं थरथरून निषेध केला आणि ती लाल काठीच्या इतक्या बाहेर गेली की खाली बायका किंचाळल्या. दुसऱ्या काठीलाही तेच. शेजारच्या वाटेत गाश्परची त्याहून वाईट गत होती. मऊ फळीनं त्याला गर्रकन फिरवून डोंगराकडे तोंड करून उभं केलं, मग पुढच्या वळणाला बसवलं, मग लोळवलं. तो उठला, दोन शिव्या दिल्या, पुन्हा निघाला. पडत झडत का होईना, तो पुढेच होता.

तिसऱ्या काठीपाशी येरित्साला ओंडका दिसला. लांबून, लहानसा, फुलांसकट. आणि मग तिनं तिच्या आयुष्यात न केलेली गोष्ट केली. तिनं फळीचं नाक सरळ उताराकडे लावलं.

वारा कानात भरला. डोळ्यांतून पाणी आलं. काठी आली तेव्हा तिनं फळी कडेवर टाकली आणि अंग बर्फाकडे झोकून दिलं; आणि तिच्या पायांखाली ते ताठ लाकूड सावकाश, सगळ्या लांबीनं, वाकलं. घासण्याचा आवाज नाही, बर्फाचा फवारा नाही. फक्त चाकूनं चीज कापावं तसा एक बारीक सूर, आणि मागे एक स्वच्छ रेघ. इतकी वर्षं लोक येऊन तिला सांगायचे की तुझी फळी वाकते तेव्हा काय वाटतं, आणि ती मान डोलवायची. तिला काही कळत नव्हतं त्यांचं. आता कळलं, आणि ती उतरता उतरता ओरडली. लोक म्हणाले, घाबरून ओरडली. तसं नव्हतं ते.

शेवटच्या काठीला तिनं गाश्परला मागं टाकलं. थांबायचं कसं हे मात्र ठरवलेलं नव्हतं. ती आगबंबाच्या शेडपुढच्या गवताच्या गंजीत घुसली आणि फक्त बूट बाहेर राहिले.

लोकांनी तिला ओढून काढलं, खांद्यावर घेतलं, हातात चाबूक दिला. रोझालियाकाकूनं तिचे मुके घेतले. गाश्पर मागून धडपडत आला, तोंडभर बर्फ, टोपी गायब. त्यानं मुकाट्यानं काजळी फासून घेतली आणि दोरखंडापाशी जाऊन उभा राहिला. येरित्सा खाली उतरून ऐटीत त्याच्याजवळ गेली. ही घटका उपभोगायची तिनं आठवडाभर वाट पाहिली होती.

"विचार की," ती म्हणाली.

"काय?"

"तुझ्या फळीत मी काय करून ठेवलं होतं ते."

"काही नाही," गाश्पर म्हणाला.

तिचं तोंड उघडंच राहिलं. "तुला कुणी सांगितलं?"

"कारखान्यात पिळून बघितली ना मी. पुढचा भाग पिळायला मऊ ठेवलायस. माझ्या गुडघ्यासाठी."

आता ही गोष्ट इथवर सांगितली गेली नाही त्याचं कारण येरित्सानं ती स्वतःशीही कधी बोलून दाखवली नव्हती. गाश्परचा पुढचा गुडघा शर्यतींच्या दिवसांत फाटला होता. फळी ताठ असली की वळण सुरू करताना सगळा पीळ त्या गुडघ्यात जाई. म्हणून त्याची फळी करताना ती पुढच्या पायाच्या आसपास तिरप्या धाग्यांचा एक थर कमी घालायची. मग पीळ गुडघ्याऐवजी लाकूडच सोसायचं. मीठ घालताना हात जसा आपोआप थांबतो तसा तिचा हात तिथं थांबायचा. या खेपेलाही थांबला होता. पडद्याआड, चोराचा चेहरा करून.

"जिला मला पाडायचंय ती माझा गुडघा सांभाळत बसेल होय?" गाश्पर म्हणाला. "आणि शिट्टी काय वाजवत होतीस! भिकार."

येरित्साच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग बदललीस का?"

"नसती बदलली तर मी जिंकलो असतो."

"हो. मग?"

"मग तू दोरीला आणि मी वर चाबूक घेऊन?" त्यानं काजळीचं तोंड पुसलं, ते आणखीच काळं झालं. "नसतं जमलं मला."

येरित्सा संतापली. खरंच संतापली, कारण डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ते लपवायला दुसरं काही हाताशी नव्हतं. "म्हणजे मुद्दाम हरलास? माझ्यावर उपकार केलेस?"

"मुद्दाम? त्या तुझ्या ओल्या शेवयांवरून मी जीव मुठीत धरून उतरलो! तीनदा नाकावर आपटलो. फळी बदलली ती मुद्दाम, पण हरलो ते खरंखुरं."

मागे डबे वाजायला लागले होते. "चला, चला, ओढा!" लोक ओरडत होते. त्सिरिल घड्याळ दाखवत होता. येरित्सानं हातातला चाबूक बघितला, ओंडका बघितला, आणि मनातल्या मनात हिशेब मांडला. अर्धी जीत यानं दिलेली, अर्धी माझी. फुकटच्या अर्ध्यावर बसून मिरवणूक काढून घ्यायला मी काय बाहुली आहे?

तिनं चाबूक रोझालियाकाकूच्या हातात दिला. "काकू, बसा तुम्ही."

"मी? अग नियम..."

"बसा म्हणते ना."

काकूला दोनदा सांगावं लागलं नाही. ती दोन पायांच्या मधे ओंडका घेऊन अशी बसली की जणू जन्मभर याचीच वाट बघत होती. येरित्सानं डब्यात बोटं बुडवून स्वतःच्या दोन्ही गालांना काजळी फासली आणि गाश्परच्या शेजारी दुसऱ्या दोरखंडात खांदा घातला. क्षणभर डबेसुद्धा थांबले. मग जो गलका झाला त्यानं देवळीवरचे कावळे उडाले. नेझामावशी रडायला लागली आणि त्याच दमात शेजारणीला मेजवानीला किती डुकरं लागतील ते विचारायला लागली.

ओंडका हलला. गाश्परच्या ओढीनं तो येरित्साच्या बाजूला कलत होता.

"सावकाश ओढ. माझ्याकडे वळतंय."

"मग तूही जोर लाव," गाश्पर म्हणाला.

वर काकूनं चाबूक कडाडवला.

"पुढच्या शनिवारी पुन्हा शर्यत," येरित्सा पुढे बघत म्हणाली. "ज्याची त्यानं फळी घ्यायची. अदलाबदल नाही."

"आणि हरेल त्यानं?"

"हरेल त्यानं दुसऱ्याला लग्नाचं विचारायचं."

गाश्परचा पाय घसरला. ओंडका थांबला, काकूनं वरून शिवी हासडली. तो सावरला आणि त्याच्या काळ्या तोंडावर दात दिसायला लागले. "हे बरं झालं. मी हरतोच मग."

"मुद्दाम हरलास तर मी नाही म्हणेन."

तो विचारात पडला. चार पावलं गेल्यावर म्हणाला, "येरित्सा, पण माझ्या फळीवर मी तुझ्याशी हरत नसतो. तुला माहीत आहे."

"माहीत आहे," ती म्हणाली. "ओढ आता."